निरंक पंचनामा

कागद नव्हते म्हणून त्याचं घर गेलं, असं आमच्या सोसायटीत अजून सांगतात. नवीन राहायला आलेल्या माणसाला कोणीतरी जिन्यात गाठतं आणि ऐकवतं, "तळमजल्यावर पूर्वी एक मालवणी कुटुंब होतं. पुरात सगळं गेलं. विमा होता म्हणे, पण कागदांचा पत्ता नाही. शेवटी विकून गेले बिचारे." तो शेवटचा 'बिचारे' ऐकला की माझं डोकं फिरतं. कारण कागद होते. विम्याचे होते, कर्जाचे होते, घराचे होते. उलट एक कागद जास्तीचा होता, आणि त्यावर सही माझी होती.

आमची सोसायटी मुलुंडला, पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. इमारत तीन मजली, मागे डोंगरावरून येणारा नाला आणि नाल्याला दगडी भिंत. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि निवृत्त होण्याच्या आधीपासूनच सोसायटीचा सेक्रेटरी झालो. इतकी वर्षं ते पद माझ्याकडे राहिलं की मुलं मला 'सेक्रेटरीकाका' म्हणायची आणि माझं खरं नाव त्यांना माहीतही नसायचं. मला त्याचा अभिमान होता. आता वाटतं, कोणीतरी मला वेळीच खाली उतरवायला हवं होतं.

तो तळमजल्यावर राहायचा. माझ्याच वयाचा. तरुणपणी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर लागला. उतारवयात बँकेचं कर्ज काढून त्याने हे घर घेतलं, आणि तळमजल्यावरच घेतलं, कारण बायकोचे गुडघे दुखायचे. आमचं अरे-तुरे होतं, पण मला हाक मारायचा ती 'सेक्रेटरी' अशीच. सकाळी नळाला गढूळ पाणी आलं की खालून ओरडायचा, "सेक्रेटरी, आज तुज्या टाकीतून चायच येता रे! साखर तेवडी पाठव!" मी वरून ओरडायचो, "दूध घालून पी!" अशी आमची मैत्री. घरात तो मालवणी बोलायचा, माझ्याशी अर्धं मालवणी, आणि कचेरीत गेला की एकदम पुस्तकी.

त्या वर्षी श्रावण संपत आला होता. रात्रभर पाऊस लागला आणि पहाटे नाल्याची भिंत आमच्या बाजूला कोसळली. तळमजल्यावरच्या चारही घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. माणसं वेळेवर वर आली. तो, वहिनी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा आमच्याकडे होते. दुपारी पाणी उतरलं आणि मागे राहिला तो चिखल. डोंगरातली लाल माती, नाल्यातली घाण, कुणाच्या तरी गोठ्यातलं शेण, सगळं एकत्र. त्याचा फ्रिज आडवा पडून तरंगत तरंगत स्वयंपाकघरातून दारापर्यंत आला होता. कपाटाचं लाकूड फुगून दारं उघडेनात. गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की एकट्या माणसाला उचलत नव्हत्या. फरशी एका कोपऱ्यात खचली होती.

हे मी मुद्दाम लिहितोय. कारण पुढे हे सगळं कुठेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिट्टी घेऊन खाली उतरलो. अख्खी सोसायटी श्रमदानाला बोलावली. फावडी, घमेली, फिनेल, ब्लीचिंग पावडर. ओळखीतून एक डंपर मिळवला होता. गणपती तोंडावर आले होते, आणि गणपतीत आमचं आवार असं दिसणं मला सहनच होणार नव्हतं. डंपर फाटकात लागला तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"सेक्रेटरी, जरा थांब. तुज्या घरातसून ब्यांकेत फोन लावललंय. थयल्या बाईन सांगल्यान, कर्जाबरोबर विमो आसा. सामानाक हात लावू नको, माणूस बघूक येतलो म्हणान."

"कधी येणार?"

"दोन दिवस लागतीत म्हणता."

"दोन दिवस? म्हणजे दोन दिवस हा चिखल जपून ठेवायचा? वर लहान मुलं आहेत. डास होतील. वास बघ काय सुटलाय."

"वास माज्या घराक येता. तुका तिसऱ्या माळ्यार कित्याक त्रास?"

सगळे हसले. ते हसणं मला लागलं. हातात शिट्टी असलेल्या माणसाला हसलेलं चालत नाही. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भरपाईसाठी घरात घाण सांभाळून ठेवायची, हे आपल्यात बसत नाही. भीकच मागायची तर निदान कटोरा तरी स्वच्छ ठेव."

आता कोणी हसलं नाही. तो बाजूला झाला. थोड्या वेळाने पाहतो तर डंपरकडे निघालेल्या फ्रिजचं एक टोक त्यानेच धरलेलं होतं.

विमा म्हणजे भीक नाही, हे मला माहीत नव्हतं का? हिशेब खात्यात आयुष्य गेलं माझं. कंपनीच्या गोदामाचे विम्याचे दावे मी स्वतःच्या हाताने भरलेत. गोदामात पाणी शिरलं तेव्हा सर्वेअर येईपर्यंत एक खोका हलू दिला नव्हता मी. पण कंपनीचं गोदाम वेगळं आणि शेजाऱ्याचं घर वेगळं. घराच्या बाबतीत आम्हा लोकांच्या डोक्यात काहीतरी विचित्र बसलेलं आहे. कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला काही दाखवायचं नाही, आणि पाहुणा येण्याआधी लादी पुसून ठेवायची. मग तो पाहुणा नुकसान मोजायला येणारा का असेना.

दुपारपर्यंत चारही घरं धुऊन निघाली. भिंतींवर पाण्याची रेघ होती तीही बायकांनी घासली. संध्याकाळी तहसील कचेरीतून तलाठी आला, बगलेत कागदांचा गठ्ठा. पूरग्रस्त घरांचे पंचनामे चालले होते. पाणी शिरलेल्या घरांना सरकारकडून थोडी मदत मिळणार होती, म्हणून तो दारोदार हिंडत होता. पायात चिखलाने भरलेले बूट, आवाज बसलेला.

"किती घरांत पाणी होतं, साहेब?"

"होतं चार घरांत. पण आता बघा." मी त्याला आवार दाखवलं, दाखवण्यासारखंच होतं. "तुम्ही नाल्यापलीकडच्या वस्तीत जा. खरी गरज तिकडे आहे. आमचं आम्ही बघून घेऊ. आमच्याकडे निरंक लिहा."

निरंक म्हणजे काही नाही. कचेरीचा शब्द. मला असे शब्द वापरायला आवडायचे.

तलाठी थबकला. "निरंक लिहू? नंतर कोणी अर्ज केला तर पंचाईत होते हां. घरमालकांना विचारून घ्या हवं तर."

"कोणी येणार नाही. मी सेक्रेटरी आहे."

त्याने लिहिलं. मी खिशातून चष्मा काढला आणि जुन्या सवयीने पूर्ण मजकूर मोठ्याने वाचला. सदर इमारतीत नोंद घेण्याजोगे कोणतेही नुकसान आढळून आले नाही, निरंक. खाली माझी सही, सोसायटीचा शिक्का. आवारात उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात मुलुंडकर!" तो त्याच्या दारात बादली घेऊन उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण काही बोललाही नाही. सकाळी मी जे बोललो होतो त्यानंतर तो काय बोलणार होता?

त्या चार घरांपैकी एकालाही मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून मी दानशूर झालो. गणपतीत सोसायटीने माझा सत्कार केला, शाल आणि नारळ.

विम्याचा सर्वेअर आला तेव्हा तळमजल्यावर फिनेलचा वास येत होता आणि वहिनींनी दारात रांगोळी काढली होती. सर्वेअर तरुण होता. तो खोलीभर फिरला. "फ्रिज?" गेला. "कपाट? गाद्या? वॉशिंग मशीन?" गेलं सगळं. "फोटो?" मित्राचा फोन पाण्यात मेला होता. मग मुलाने सोसायटीच्या ग्रुपवरचे फोटो दाखवले. ढीगभर फोटो होते: मी फावड्यासह, मी डंपरसमोर, स्वच्छ आवार, ओळीने उभे असलेले श्रमदानवाले. घाणीचा फोटो कोणी काढलाच नव्हता. घाणीचा फोटो कोण काढतो?

"काका, मी काय लिहू?" सर्वेअर म्हणाला. त्यात तुसडेपणा नव्हता, तो खरंच विचारत होता.

महिना-दीड महिन्याने कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. सामान तपासणीला उपलब्ध नाही, खचलेली फरशी पुरानेच खचली याला पुरावा नाही, आणि सरकारी पंचनाम्यात संपूर्ण इमारत निरंक आहे. पंचनाम्याची प्रत सोबत जोडलेली. माझी सही त्यात छान आली होती.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. 'आमच्या' म्हणतो, कारण मी त्याच्याबरोबर जायचो. पंचनाम्याबद्दल तो काही बोलायचा नाही, मीही नाही. आम्ही दोघं असे हिंडायचो, जणू ती सही तिसऱ्याच कोणाची आहे. तहसील कचेरीत पुन्हा पंचनामा करा म्हणून अर्ज दिला. तिथला माणूस म्हणाला, "पाणी गेलं, चिखल गेला, आता पंचनामा कशाचा करू? लादीचा?" बँकेत गेलो. हप्ते काही महिने पुढे ढकलून देऊ, पण व्याज चालूच राहील, म्हणाले. विमा कंपनीच्या फोनवर एक बाई हिंदीत, एक बाई इंग्रजीत आणि मधे सनई. एकदा तर सनई संपून माणूस आला आणि त्याने विचारलं, "सर, आपका गाडी का क्लेम है?" मित्र म्हणाला, "हो. घर चलताय आमचा, चाकं लावलीत." आणि फोन ठेवला. त्या दिवशी तेवढंच हसलो.

सोसायटीच्या निधीतून फरशीखालचं आणि पायाचं काम करता आलं असतं. इमारतीचा पाया एका सभासदाचा नसतो, सगळ्यांचा असतो. कमिटीत विषय आला. आतलं काम ज्याचं त्याने करायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होतो. आणि अख्ख्या इमारतीचा विमा काढायचा विषय दर वर्षीच्या सभेत यायचा आणि "आपल्या बिल्डिंगला काय होतंय" म्हणून सोडून दिला जायचा. तो सोडून देणाऱ्यांतही मीच पुढे.

शेवटी कोणीतरी सांगितलं, विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करायची. अर्ज त्याने स्वतः लिहिला. स्वच्छ अक्षरात, एकेक वस्तू, कधी घेतली, पावती कुठे आहे. अर्ध्याअधिक पावत्या त्याच्याकडे होत्या. पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या म्हणून वाचल्या होत्या. म्हणून मला चीड येते. ज्याला लोक 'कागद नव्हते' म्हणतात, त्याच्याकडे मिक्सरचीसुद्धा पावती होती.

सुनावणीची तारीख लागली. त्याने मला एकच गोष्ट मागितली. "तू ये. सामान होता आणि तूच टाकूक लावलंस, इतक्याच सांग. बाकी मी बघतंय."

"येतो. सगळं सांगतो," मी म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. वाक्यं मनात पाठ केली होती.

लहानशी खोली, एक लांब टेबल. पलीकडे अधिकारी बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला. एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. बाईंनी पंचनामा माझ्यापुढे सरकवला.

"सही तुमची?"

"हो."

"निरंक लिहिलंय. आणि तुम्ही आज सांगायला आलात की नुकसान झालं होतं?"

कंपनीचा माणूस गालात हसला. म्हणाला, "मॅडम, साहेब सुशिक्षित आहेत. सरकारी कागदावर खोटं लिहून देणार नाहीत." आणि माझी पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. एवढंच दिसलं, की मी आता खरं बोललो तर ही बाई ते लिहून घेणार: सोसायटीच्या सेक्रेटरीने मोठेपणा मिळवायला सरकारी पंचनाम्यात खोटं लिहायला लावलं. तेही माझ्या सहीने. मी म्हणालो, "मी वाचलं नव्हतं, मॅडम. तलाठ्याने घाईघाईत सही घेतली."

बाई मित्राकडे वळल्या. "तुम्ही तेव्हा तिथे होता?"

"होतो."

"यांनी न वाचता सही केली?"

पंचनाम्याच्या संध्याकाळी तो दारात बादली घेऊन उभा होता. मी वाचलेला शब्द न् शब्द त्याने ऐकला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही बघितलं.

"हो, मॅडम," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. "घाईत होते ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कमाल आहे. मला कोणी एवढं सरळ सांगितलं असतं, की सामान होतं, भिजलं, आम्ही टाकलं आणि अमुक कारणाने निरंक लिहून बसलो, तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. इथे जबाबदार माणूस म्हणतो मी वाचलंच नाही. मग आज जे सांगताय ते तरी बघून सांगताय कशावरून?"

मी पंचनामा परत बाईंकडे सरकवला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वडो खातंस?" मी नको म्हणालो. त्याने दोन घेतले आणि एक माझ्या हातात ठेवला. त्या दिवशी आमच्यात सुनावणीबद्दल एक अक्षर निघालं नाही.

निकालात फरशीपोटी थोडी रक्कम मिळाली, सामानाचं काही नाही. पुढे ग्राहक आयोगात जाता आलं असतं. घाटकोपरच्या एका वकिलाने तयारीही दाखवली. पण मित्रच म्हणाला, पुरे आता. तोवर वहिनींच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या, मुलाची फी भरायची होती, पुढे ढकललेले हप्ते अंगावर आले होते. पाणी शिरलेलं घर म्हणून भावही पडला. त्याने ते विकून बँकेचं देणं फेडलं आणि कुटुंब चारकोपला भाड्याने राहायला गेलं. ज्याने विकत घेतलं, त्याला आता पुनर्विकासात मोठा फ्लॅट मिळणार आहे.

पुढच्या सभेत कोणीतरी विचारलं, त्यांच्या क्लेमचं काय झालं हो? मी म्हणालो, "कागदपत्रांत त्रुटी निघाल्या." बघा, या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तिथून ती गोष्ट सुरू झाली. त्रुटीचं झालं 'कागद अपुरे', अपुऱ्याचं झालं 'कागद नव्हते'. मी ती दर वर्षी थोडी थोडी बदलताना ऐकली आणि दुरुस्त केली नाही.

आता मला सगळं येतं. पाणी उतरल्यावर झाडूच्या आधी फोन हातात घ्यायचा आणि घाणीचेच फोटो काढायचे. त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. भिजलेलं सामान वास मारत असलं तरी एका कोपऱ्यात ठेवायचं. कर्ज घेतलं असेल तर बँकेला विचारायचं, बहुतेक वेळा कर्जाबरोबर विमा गळ्यात मारलेला असतोच आणि आपल्याला पत्ता नसतो. पंचनामा आपल्या घराचा, आपल्या समोर, आपल्या सहीने, आणि त्याची प्रत आपल्याकडे. इमारतीचा कोणी मोठा माणूस तुमच्या वतीने उदार व्हायला लागला तर त्याला बाजूला करायचं. हे मी प्रत्येक पावसाळ्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना जाऊन सांगतो. ते "हो काका, हो काका" म्हणतात आणि मोबाइलकडे बघतात.

मागच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. पुनर्विकासाची सभा होती, बिल्डरच्या प्रस्तावावर भांडणं चालली होती. शेवटी, ऐनवेळच्या विषयात मी म्हणालो, मला एक खरं सांगायचंय. आणि सांगितलं, निरंकपासून सुनावणीपर्यंत. नवा चेअरमन घड्याळाकडे बघत म्हणाला, "काका, हे विषयपत्रिकेवर नाही. आणि आता ती पार्टी तर मेंबरसुद्धा नाही ना?" मागून आवाज आला, "समोसे गार होताहेत!" इतिवृत्तात मी नंतर बघितलं. एका ज्येष्ठ सभासदांनी जुन्या आठवणी सांगितल्या, एवढंच.

म्हणून मी चारकोपला गेलो. तो आता मुलाकडे असतो. मुलाने तिथल्याच एका सेक्टरमध्ये छोटं घर घेतलंय, कर्ज काढून. मुलगा मोठा झालाय, केस पांढरे व्हायला लागलेत. मी गेलो तेव्हा तो मला कौतुकाने त्याचं कपाट दाखवत होता. प्लास्टिकच्या पाकिटात घराचे कागद, विम्याचा कागद, फोनमध्ये प्रत्येक वस्तूचा फोटो.

"दर मे महिन्यात नवीन फोटो काढतो, काका. बाबांसारखं नको. बाबांना स्वतःचे कागद कुठे आहेत ते माहीत नसायचं."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अजून नसतं. परवा रेशनकार्ड शोधायला अख्खं घर पालथं घातलं."

मित्रही त्यांच्याबरोबर हसला. अगदी मनापासून. मला ते बघवलं नाही.

"कागद होते," मी म्हणालो.

"गप रे," तो म्हणाला. "चाय घे. निवता ती."

"सगळे कागद होते. मिक्सरची पावतीसुद्धा."

"सेक्रेटरी, मी काय सांगतंय तुका? गप बस."

मी गप्प बसलो नाही. डंपर, कटोरा, तलाठी, टाळ्या, सुनावणी, सगळं सांगितलं. बाईंनी याला विचारलं तेव्हा हा काय बोलला तेही सांगितलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पिठाची परात.

मुलगा बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही हो का म्हणालात?"

"मग काय सांगू? हो सेक्रेटरी खोटा बोलता म्हणान? त्याच्या तोंडार?"

"आपलं घर होतं ते!"

"माका म्हायत आसा कोणाचा होता."

वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशी बोलल्या. "इतकी वर्षं मी तुम्हाला बोलत आले. कागद ठेवता येत नाहीत, पसारा करता, त्यापायी घर गेलं. लेकाच्या देखत बोलले. आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, सोसायटीत सांगितलंत हे?"

"सांगितलं. लिहून घेतलं नाही कोणी."

"मग तुम्ही लिहा. आमची नावं घालू नका, आणखी हसं नको. पण लिहा." आणि आत निघून गेल्या. आतून परात ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, जरा जोरातच.

तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. मला वाटलं होतं तो काहीतरी बरं बोलेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरवलं होतं मी, निदान पाठीवर हात ठेवेल. रस्ताभर तो नाकातल्या नाकात पुटपुटत होता. स्टॉपवर आल्यावर फुटला.

"तुका काय अडला होता रे? कोणी विचारला तुका?"

"अरे, तुझा मुलगा तुला निष्काळजी समजत होता."

"तो समजत होतो ना? समजांदे! निष्काळजी बापूस सगळ्यांकच आसता. आता तो माका खुळो समजतलो. दुसऱ्याच्या अब्रूपायी सोताचा घर घालवणारो खुळो. ह्या बरा झाला? सांग, ह्या बरा झाला?"

मी बस येते का ते वाकून पाहिलं.

"बाईल तर आता चार दिवस बोलाची नाय," तो म्हणाला. "तुका काय, तू बशीत चढतलंस आणि मुलुंडाक जातलंस."

बस आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर तो अजून स्टॉपवरच उभा होता, घरी जायची त्याला घाई दिसत नव्हती.